गुडघ्यांच्या हिशोबानं आखलेला रालामंडलचा फेरा

आमच्या भिशीत सगळ्यांत धाकटी चाळिशीची आणि मोठ्या काकू पंचाहत्तरीला टेकलेल्या. अर्ध्याअधिक जणींचे गुडघे कुरकुरतात, दोघींना शुगर आहे, एकीची बायपास झालेली. आणि या सगळ्यांना एकदम जंगलात जायचं होतं.

निमित्त आवळीभोजनाचं. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडायची ही हौस आमच्या इंदूरच्या मराठी घरांत अजून टिकून आहे, फक्त गेली काही वर्षं ती हॉटेलातल्या पनीरच्या थाळीवर भागवली जात होती. यंदा कोणीतरी म्हणालं, आधी जरा चालू या, भूक लागू दे, मग जेवू. दुसरी म्हणाली, चालायचंच तर नेहरू पार्कात कशाला, जंगलात चालू. धाकट्या जाऊबाईंनी त्यावर अट घातली, गेलो त्याच वाटेनं परत यायचं नाही. "तीच झाडं पाठीकडून बघायला कोण येणार?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी शाळेच्या सहली काढते. शाळेच्या सहलीत पोरं पळतात आणि आपण मागे ओरडत राहतो, तिथे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही, हे सांगून काही उपयोग नव्हता.

जागा ठरवायला फार वेळ लागला नाही. इंदूरच्या आसपास मनात येणारी पहिली नावं ठरलेली आहेत. पाताळपाणी सगळ्यांचं आवडतं. महूपासून जवळ, आणि त्या जुन्या छोट्या रुळांवरून पाताळपाणी ते कालाकुंड गाडीची मौज वेगळीच. पण धबधब्याच्या तोंडाशी घेऊन जायला माझं मन धजत नाही. २०११ च्या जुलैत तिथे पाणी अचानक वाढून माणसं वाहून गेली, ते इंदुरात कोणी विसरलेलं नाही. कार्तिकात तसा लोंढा येत नाही हे मला कळतं. तरी तिथे खाली उतरायचं आणि तसंच वर यायचं, म्हणजे जाऊबाईंची अट मोडते आणि चढ नेमका शेवटी येतो, पाय दमलेले असताना. जानापावची टेकडी सुचवली मोठ्या काकूंनी. चंबळ तिथून निघते, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून श्रद्धाही आहे. पण कार्तिक पौर्णिमेला तिथे जत्रा भरते आणि आमचे दिवस तिच्या मागेपुढेच पडत होते. मांडू म्हणजे गाडीतच अख्खा दिवस. उरलं रालामंडल.

रालामंडलला इंदूरचा माणूस लहानपणी एकदा जातो, मग पाहुणे आले की जातो. खंडवा रोडच्या बाजूला, बायपासजवळ, शहराला जवळजवळ चिकटलेलं अभयारण्य. १९८९ मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ २.३४ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या मोठ्या अभयारण्यांच्या मानानं अंगणच. मधोमध टेकडी, टेकडीवर होळकरांचं शिकारगाह, म्हणजे शिकारीला आल्यावर उतरायची वास्तू. साग, साजड, चंदन, बाभूळ, बांबू, मधेमधे निलगिरी. चितळ, सांबर, नीलगाय, भेकर, साळिंदर, मोर. आणि बिबट्या. बिबट्याचं मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं, पण भाचीनं लिहिलं आणि एका दुपारी साठ मेसेज आले. त्यातले निम्मे नारळाच्या वड्यांबद्दल होते, हे त्यातल्या त्यात बरं.

इतकं छोटं जंगल फेऱ्यासाठी फार सोयीचं असतं, कारण हरवलात तरी कुठे हरवणार? मी वहीत हिशोब मांडून पाहिला. २.३४ चौरस किलोमीटरचं वर्तुळ धरलं तर त्याचा परीघ साडेपाच किलोमीटरच्या थोडा आत येतो. खरी हद्द वेडीवाकडी, त्यामुळे ती जास्तच भरेल. पण आतून टेकडीवर चढून दुसऱ्या अंगानं उतरणारा फेरा पाचेक किलोमीटरच्या घरात बसायला हरकत नव्हती. पाच किलोमीटर ऐकून सगळ्या म्हणाल्या, एवढंच होय, एवढं तर आम्ही सकाळी कॉलनीतच चालतो. इथेच मला थांबून सांगावं लागलं. कॉलनीत चढ नसतो.

चढाचा अंदाज घ्यायला मी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा काढला. पन्नास हजारात एक या प्रमाणाचे नकाशे आता त्यांच्या पोर्टलवरून फुकट उतरवून घेता येतात. त्यात एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, त्यामुळे अख्खं रालामंडल जेमतेम तीन सेंटिमीटर लांब-रुंद दिसतं. डोळ्यांवर चश्मा आणि हातात भिंग. पण समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता येतात, आणि मला तेवढंच हवं होतं. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. जिथे रेषा दाटीवाटीनं बसल्यात तिथे दम लागणार, जिथे ऐसपैस पसरल्यात तिथे गप्पा मारत चालता येणार. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून ७८२ मीटर, इंदूर शहर साधारण ५५० मीटरवर. म्हणजे शहराच्या पातळीपासून धरलं तरी सव्वादोनशे मीटरच, आणि फाटक शहरापेक्षा थोडं उंच असणार. मी २०० मीटर धरले. रेषा मोजल्या तर दहा.

वेळ काढायला एक जुनं गणित आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेलं. तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर हजार फुटांना अर्धा तास वर. आमचे पाच किलोमीटर म्हणजे तीन मैलांहून जरासे जास्त, आणि चढ साडेसहाशे फूट. एक तास वीस मिनिटं झाली. हे गणित धडधाकट माणसाचं आहे, जो थांबत नाही, फोटो काढत नाही, ज्याला लघवीला लागत नाही आणि जो कोणाच्या सुनेबद्दल बोलत नाही. मी सरळ दुप्पट केली. पावणेतीन तास. वर शिकारगाहात बसायला अर्धा तास. ही वेळ कागदावर पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

आता खरा पेच दिशेचा. शिकारगाहाकडे गाडीची वाट वळणं घेत जाते, आणि झाडीतून पायवाट आहे. फेरा करायचा तर एकीनं चढायचं, दुसरीनं उतरायचं. कुठल्या वाटेनं आधी?

बहुतेक सगळ्या म्हणाल्या, रस्त्यानं हळूहळू चढू, उतार काय, तो पायवाटेनं आपोआप होईल. ऐकायला पटतं. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा, त्रास चढताना होतो की उतरताना. चढताना छातीला काम पडतं. उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि मांडीचा स्नायू ताणलेला असतानाच ते वजन तोलून धरत असतो. पायवाटेचा दगडगोटा त्यात भर घालतो, पाय मुरगळायचा तो उतारावरच. मोठ्या काकूंनी लगेच दुजोरा दिला, "जिना चढते मी तुरुतुरु, उतरताना कठडा लागतो." त्यामुळे पायवाट चढायला आणि रस्ता उतरायला, हे गुडघ्यांच्या बाजूनं नक्की झालं.

पण माझ्या मनात दुसरं कारण होतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. फेऱ्यात एक जागा अशी येते की तिथून मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं. एकाच वाटेनं जाऊन यायचं असेल तर कंटाळा आला की फिरता येतं. फेऱ्यात मध्यावर कोणाला चक्कर आली तर तुम्ही सगळीकडून लांब असता. म्हणून अवघड तुकडा पहिल्या तासात यायला हवा, पाय ताजे असताना आणि ऊन चढायच्या आत. तिथे कोणी दमलं तर फाटक मागे दहा-पंधरा मिनिटांवर. आणि मध्य ओलांडल्यानंतरची वाट अशी हवी की जिथे गरज पडलीच तर गाडी पोचेल. पायवाटेनं चढून रस्त्यानं उतरलं की ही दोन्ही कामं होतात. उलट केलं तर एकही होत नाही. नकाशावर सोपा दिसणारा फेरा चुकीच्या दिशेनं केला की अवघड होतो, आणि ते नकाशात कुठेही लिहिलेलं नसतं.

एवढं समजावून सांगितल्यावर मोठ्या काकूंनी नकाशा हातात घेतला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, पण ही तर उलटी प्रदक्षिणा होते." खरंच होत होती. टेकडी डाव्या हाताला येत होती. मी म्हटलं, काकू, वर देव नाही, शिकारगाह आहे, तिथे राजेलोक बंदूक घेऊन बसायचे. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, मग उलटीच बरी.

जाण्याआधी मी आणि आमचे हे वाट पाहून आलो. यांना अशा कामात भारी रस, फक्त यांचा वेग माझ्या कामाचा नव्हता, म्हणून मी मुद्दाम मागे राहून काकूंच्या चालीनं चालले. नकाशावर जे दिसत नाही ते असं पायाखालीच कळतं. पावसाळा संपून महिना-दीड महिना झाला होता, गवत कमरेएवढं आणि वाळायला लागलेलं. त्यात कुसळी गवत. दहा पावलं वाटेच्या बाहेर गेले आणि सलवारीचा घेर कुसळांनी भरला. घरी येऊन एक कुसळ बाजूला ठेवलं आणि त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला. त्याची शेपटी पिळलेली असते, ती ओली झाली की उलगडते, वाळली की पुन्हा पीळ धरते. टेबलावर ते कुसळ गोल फिरायला लागलं. जमिनीत बी रुजवायला झाडानं केलेली ही सोय, तीच मोज्यातून घुसून पायाला बोचते. एकदा ते फिरताना पाहिलं की ते कपड्यात इतकं खोल कसं जातं हे वेगळं सांगावं लागत नाही. मग मी ग्रुपवर लिहिलं, सुती साडी नको, लेगिंग नको, गुळगुळीत कापडाची पँट किंवा सलवार, आणि मोजे घोट्याच्या वर.

दुसरी खाजकुइली. तिच्या शेंगा याच सुमाराला पिकतात, तपकिरी मखमल पांघरल्यासारख्या दिसतात आणि बायकांना मखमल दिसली की हात जातो. त्या मखमलीचे केस अंगाला लागले की खाजवायचं नाही, खाजवलं की पसरतात. चिकटपट्टी लावून ओढून काढायचे. माझ्या पिशवीत त्या दिवसापासून चिकटपट्टीचं रीळ आहे. वाटेवर आडवी मोठाली जाळी विणून बसलेले कोळी दिसले, त्यांच्यासाठी पुढच्या बाईच्या हातात काठी द्यायचं ठरलं. मारायला नाही, जाळं चेहऱ्यावर यायच्या आत दिसावं म्हणून.

फाटकावरच्या चौकीदारानं फार कामाची गोष्ट सांगितली. "मैडम, बुजुर्गों को एकदम सुबह मत लाना, ओस में पत्थर फिसलते हैं." मी पहाटे निघायच्या विचारात होते. नोव्हेंबरच्या मध्याला इंदुरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत मावळतो.  या दिवसांत सकाळी शाल लागते आणि अकराला घाम येतो. दव आठपर्यंत सुकत नाही. मग साडेआठला चढायला सुरुवात, साडेदहाच्या आत वर, बाराच्या आत खाली, असं बसवलं. पहाट आणि तिन्हीसांज टाळल्यानं बिबट्याचा प्रश्नही बराचसा सुटतो, तो त्या वेळांना फिरतो. एकत्र राहायचं, पायवाट सोडायची नाही, एकटीनं झाडीत जायचं नाही. हे शेवटचं सांगताना खरा मुद्दा वेगळा होता. स्वच्छतागृह फाटकापाशी आहे, वाटेत नाही. पुरुषांच्या ट्रेकच्या आखणीत हा मुद्दा कधी येत नाही, आणि आमच्याकडे याच्यावरच सगळ्यांत जास्त चर्चा झाली. शेवटी ठरलं की निघायच्या आधी सगळ्यांनी जाऊन यायचं, हवं-नको न विचारता, शाळेतल्या मुलांसारखं. आणि पाणी कमी प्यायचा शहाणपणा कोणी करायचा नाही. तासाला अर्धा लिटर, घोटघोट.

बाकी तयारी चटकन झाली. चपला बंद, बूट हवेतच. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी लेकांचे घातले, एकीच्या बुटात दोन मोजे. काठ्या हव्या तितक्या, त्यातल्या दोन पडद्याच्या दांड्या होत्या. शुगरवाल्यांसाठी खडीसाखर आणि खजूर माझ्या पिशवीत, आणि त्यांनी सकाळची गोळी घेऊन रिकाम्या पोटी यायचं नाही अशी ताकीद. बायपासवाल्या वहिनींना डॉक्टरांना विचारूनच या म्हटलं. त्या विचारून आल्या, आणि वर डॉक्टर स्वतः येतो म्हणाले होते असं सांगायला लागल्या. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून घेतला, कारण जंगलात नेटवर्क येवो न येवो, जीपीएसला ते लागत नाही, उपग्रहाचा संकेत फोन नुसता ऐकत असतो. रंगीत टोप्या मात्र मी सगळ्यांना सक्तीच्या केल्या. झाडीत कोण कुठे आहे ते लांबून दिसावं म्हणून.

आणि एक नियम, ज्याच्यावरून थोडी नाराजी झाली. सगळ्यांत हळू चालणारी बाई सगळ्यांच्या पुढे. तिला कोणी ओलांडायचं नाही. उलटं केलं की काय होतं ते मी पाहिलंय. जलद चालणाऱ्या पुढे जाऊन थांबतात, विश्रांती घेतात, मागच्या धापा टाकत पोचल्या की या उठून निघतात. ज्यांना विश्रांती हवी त्यांना ती मिळतच नाही. मोठ्या काकू पुढे, मी त्यांच्या मागे, आणि शेवटी शिट्टी घेऊन भाची.

त्या दिवसाचं सांगण्यासारखं तसं थोडंच आहे, कारण आखणी नीट असली की दिवस बिनघोर जातो. घरून पोहे खाऊन, वर सेव आणि जिरावन मसाला घालून सगळ्या आल्या. फाटकावर तिकिटं काढली आणि पायवाटेला लागलो. चढ लागला तसा गप्पांचा आवाज आपोआप उतरला. माझी तपासणी हीच होती. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर, अर्ध्या वाक्यात श्वास घ्यावा लागला की थांबायचं. काकू थांबायच्या तेव्हा त्यांना दम लागला म्हणून थांबलो असं कोणी म्हणायचं नाही, काहीतरी बघायला थांबलो असं म्हणायचं.

आणि बघायला होतंही. सागाच्या पानांवर एक अळी असते. ती पानाचा हिरवा गर तेवढा खाते आणि शिरा सोडून देते. पावसाळ्याच्या शेवटी ती इतकी वाढते की झाडंच्या झाडं तपकिरी दिसतात. खाली पडलेलं असं एक पान काकूंनी उचललं आणि उन्हासमोर धरलं. शिरांची जाळी तेवढी राहिलेली, मधली शीर जाड, तिच्यातून फांद्या, फांद्यांतून अगदी बारीक बारीक चौकोन, क्रोशाच्या रुमालासारखे. काकूंनी त्या चौकोनांत बोट फिरवून टाके मोजायला घेतले. इथे आम्ही बराच वेळ थांबलो आणि कोणाला दम लागलेला नव्हता. पान तिथेच ठेवलं. अभयारण्यातून पानही उचलून न्यायचं नसतं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, पण दोन पिशव्यांचे बंद मी डोळे वटारून पुन्हा उघडायला लावले.

जे झालं ते माझ्या अंदाजाच्या उलट. काकू आणि बायपासवाल्या वहिनी विनातक्रार वर पोचल्या. चाळिशीतली आमची धाकटी, जी रोज जिमला जाते, तिच्या पोटरीत माथ्याच्या थोडं आधी गोळा आला. पट्ट्यावर धावायची सवय असली तरी दगडावर पाय तिरका पडायची सवय नसते. तिला बसवलं, बोटं स्वतःकडे ओढून पोटरी ताणली, मीठ-साखरेचं पाणी दिलं, दहा मिनिटांत उठली. पण तेवढ्यात मी मनात पुढचं सगळं मांडून पाहिलं. वर अगदी जवळ रस्ता आहे, तिथून गरज पडली तर गाडीची विनंती करता येईल. हीच वेळ जर उतरताना पायवाटेवर आली असती तर चौघींना तिला धरून दगडांवरून आणावं लागलं असतं.

शिकारगाहाच्या माथ्यावरून इंदूर दिसतं, पसरलेलं, वरच्या बाजूला थोडं धुरकट. प्रत्येकीनं आपलं घर शोधायचा प्रयत्न केला आणि प्रत्येकीला ते सापडलं, हे पाहून मला जरा शंकाच आली. देवगुराडियाच्या बाजूला बोट करून जाऊबाईंनी सांगितलं की तिथल्या कचऱ्याच्या डोंगरांवरून पूर्वी वास यायचा. तो डोंगर आता गेला, तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा कारखाना आहे, २०२२ मध्ये सुरू झालेला. इंदूरच्या बायकांना कचऱ्याबद्दल बोलायला लागलं की थांबवणं अवघड. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर, तो आम्हीच आणला अशी प्रत्येकीची समजूत आहे, आणि ती फारशी चुकीचीही नाही. खजुराच्या बिया, संत्र्यांच्या साली, सगळं दोन पिशव्यांत वेगवेगळं खाली आलं. सालीसुद्धा, हो. साल कुजते म्हणून जंगलात टाकली तर चालते असं काहींना वाटतं, पण माकडांना आणि चितळांना माणसाच्या हातचं खायची चटक अशीच लागते.

रस्त्यानं उतरणं निवांत. गप्पांचा आवाज परत पहिल्या पट्टीत. चितळांचा एक कळप लांब झाडीत दिसला तेवढा, बाकी प्राण्यांनी आमचा आवाज ऐकून आपापली सोय केली असणार. मोरपीस दिसलं, तेही तिथेच राहिलं. बारा वाजायच्या आत फाटकाशी होतो.

जेवण अभयारण्यात नाही, हे आधीपासून ठरलेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्याला धोका होईल असा विस्तव तिथे पेटवायची मनाई आहे, आणि ती बरोबरच आहे, त्या वाळल्या गवतात एक ठिणगी पुरे. आणि आमचा बेत दाल-बाफल्यांचा, बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यांशिवाय व्हायचाच नाही. शिवाय आवळ्याचं झाड कुठे मिळेल ते जंगलात शोधत बसण्यापेक्षा, सिमरोलच्या बाजूला नणंदेचं शेत आहे, बांधावर दोन आवळे. तिथे यांनी आधीच जाऊन शेणी रचून ठेवल्या होत्या. आवळ्याखाली सतरंज्या टाकल्या, झाडाला हळदकुंकू वाहिलं, दोन-तीन कच्चे आवळे मीठ लावून चघळून झाले. बाफले आधी उकडलेले होते, ते निखाऱ्यांवर खरपूस झाले, तुपात बुडाले. सोबत तुरीची डाळ, गराडूचा कंद तळलेला, आणि आमच्या मराठी घरांची सही म्हणून भरली वांगी. हे जेवण चालण्याआधी केलं असतं तर रालामंडलची पायरीसुद्धा चढवली नसती. क्रमही आखणीतच येतो.

जेवणानंतर कुसळं काढायचं काम सुरू झालं. सूचना पाळलेल्यांच्या कपड्यांवर दोनचार, न पाळलेल्या दोघींच्या सुती ओढण्या मात्र शेवटी काढून टाकाव्या लागतील अशा. त्यातल्या एकीनं मला विचारलं, की आम्हाला आधी का नाही सांगितलंस. भाचीनं ग्रुपवरचा माझा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला.

परत निघताना महूच्या वहिनी बाजूला घेऊन म्हणाल्या, माझ्या सासूबाईंच्या मैत्रिणींनाही न्यायचंय, त्या सगळ्या ऐंशीच्या पुढच्या, त्यांना हाच फेरा जमेल का. मी म्हटलं, हा नाही. त्यांना वर जायला गाडीची सोय होते का ते वनखात्याकडे आधी फोन करून विचारा, आठवड्याच्या सुट्टीचा दिवसही तेव्हाच विचारून ठेवा. वर शिकारगाहात बसा, आणि उतार थोडासाच चाला, पहिलं वळण येईपर्यंत, मग पुन्हा गाडी. काठ्या न्या, पडद्याच्या दांड्या नकोत, त्या वाकतात. आणि फेब्रुवारीच्या आत जा, नंतर साग पानं गाळतो आणि सावली राहत नाही.